सीरियातली यादवी आणि नाटोतली भाऊबंदकी

तुर्कस्तान आणि सीरिया यांची हद्द बरंच अंतर एका रेल्वेमार्गाच्या कडेने जाते. बर्लिनहून बगदादला जाण्यासाठी जर्मनांनी आखलेला हा मार्ग. पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्य मोडलं, नव्या हद्दी ठरवायची वेळ आली तेव्हा रूळच सीमा म्हणून धरले गेले. रुळाच्या दोन्ही अंगांना कुर्द राहत होते, एकमेकांच्या नात्यागोत्यातले. त्यांच्या बोलीत अजूनही तुर्कस्तानच्या बाजूला ‘सरखत’ म्हणतात, म्हणजे रेषेच्या वर, आणि सीरियाच्या बाजूला ‘बिनखत’, म्हणजे रेषेच्या खाली.

२०१४ च्या सप्टेंबरात या रेषेला लागून असलेल्या कोबानी या कुर्द गावाला इस्लामिक स्टेटने वेढा घातला. रेषेच्या वर, सुरुच गावाजवळच्या टेकाडांवर माणसं उभी राहून आपल्या नातेवाइकांच्या घरांमधून उठणारा धूर बघत होती. त्याच टेकाडांवर तुर्की लष्कराचे रणगाडे उभे होते. ते हलले नाहीत. आकाशात मात्र अमेरिकेची विमानं इस्लामिक स्टेटवर बॉम्ब टाकत होती, आणि ऑक्टोबरात त्यांनी गावात अडकलेल्या कुर्द लढवय्यांसाठी शस्त्रं टाकली. तुर्कस्तान नाटोचा सदस्य, अमेरिका नाटोची म्होरकी. ज्यांना एक शस्त्रं पोचवत होता त्यांनाच दुसरा दहशतवादी म्हणत होता.

सीरियाच्या युद्धाने पाश्चात्त्य देशांच्या आघाडीचं काय केलं हे समजून घ्यायला याच टेकाडावरून सुरुवात करणं मला बरं वाटतं. रशियाने सीरियात नाटोशी लढाई केली नाही, तशी गरजच पडली नाही. नाटोतल्या प्रत्येक देशाला या युद्धात पहिल्या नंबरचा धोका वेगळा दिसत होता. अमेरिकेला इस्लामिक स्टेट, तुर्कस्तानला कुर्द, जर्मनीला निर्वासितांचे लोंढे, फ्रान्सला पॅरिसमधले बॉम्ब, आणि पोलंड व बाल्टिक देशांना खुद्द रशिया. हा फरक रशियाने नेमका हेरला.

नाटोचा करार नेमका कशाची हमी देतो

नाटो हा १९४९ साली झालेला करार. तुर्कस्तान त्यात १९५२ साली, ग्रीसबरोबरच आला. त्यातलं पाचवं कलम सगळ्यांना ठाऊक असतं: एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला. पण बाकीच्या तीन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही, आणि सीरियाच्या बाबतीत नेमक्या त्याच कामाला आल्या.

पहिली गोष्ट, सहावं कलम या हमीला भूगोलाची चौकट घालतं. हल्ला सदस्याच्या भूमीवर, किंवा ठरलेल्या प्रदेशातल्या त्याच्या सैन्यावर, जहाजांवर, विमानांवर झाला पाहिजे. तुर्की सैनिक सीरियात जाऊन लढत असतील आणि तिथे मारले गेले, तर पाचवं कलम त्यांच्यासाठी धावून येत नाही. दुसरी, नाटोत मतदान होत नाही, सगळ्यांची संमती लागते. म्हणजे एक सदस्य अडून बसला की काम थांबलं. आणि तिसरी, करारात सदस्याला बाहेर काढण्याची तरतूदच नाही. बाहेर पडायचं तर ज्याने त्याने आपल्या मर्जीने. आपल्याकडे बांधावरून कितीही वाद झाले तरी सातबाऱ्यावरचं भावाचं नाव आपल्या मनाने खोडता येत नाही, तसंच हे.

आणि तुर्कस्तानला काढून टाकणं कोणाला परवडणारंही नव्हतं. नाटोतलं अमेरिकेखालोखाल सगळ्यात मोठं सैन्य त्याचं. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात उतरायच्या सामुद्रधुन्यांच्या चाव्या १९३६ च्या माँत्रो करारानुसार त्याच्याकडे. अदानाजवळचा इन्जिर्लिकचा हवाई तळही त्याच्याच जमिनीवर. सीरियाशी त्याची सीमा सुमारे ९०० किलोमीटर. शेजारी घर पेटलं की ठिणग्या आधी त्याच्या अंगणात पडणार होत्या.

दराच्या भिंतीपासून लाल रेषेपर्यंत

मार्च २०११ मध्ये सीरियाच्या दक्षिणेला दरा शहरात शाळकरी पोरांनी भिंतीवर राजवटीविरुद्ध घोषणा लिहिल्या. पोरांना उचललं गेलं, मारहाण झाली, आईबाप रस्त्यावर आले, त्यांच्यावर गोळ्या चालल्या. असद घराण्याकडे १९७० पासून सत्ता होती आणि बशर अल-असद ती सोडणार नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार पहिल्या दहा वर्षांत ३ लाख ६ हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. यात लढणारे धरलेले नाहीत. आघाड्या, करार, कलमं यांची चर्चा करताना हा आकडा मी मनातून जाऊ देत नाही, वाचकांनीही देऊ नये.

रशियाचं असद राजवटीशी नातं सोव्हिएत काळापासूनचं. भूमध्य समुद्रावर तार्तूस बंदरात त्यांच्या आरमाराचा तळ होता. ऑक्टोबर २०११ मध्ये रशिया आणि चीनने सुरक्षा परिषदेत सीरियाविषयीच्या ठरावावर पहिला नकाराधिकार वापरला, आणि नंतर तो रिवाजच पडला.

पाश्चात्त्यांची पहिली फाटाफूट दिसली ती २०१३ साली. रासायनिक अस्त्रं वापरली तर ती लाल रेषा असेल, असं ओबामा आदल्या वर्षी म्हणाले होते. २१ ऑगस्ट २०१३ ला दमास्कसजवळच्या घुता भागात विषारी वायूने शेकडो माणसं झोपेतच गेली. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स मिळून हल्ला करणार असं जवळपास ठरलं. २९ ऑगस्टला ब्रिटिश संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी नकार दिला. इराकच्या खोट्या कारणांवरच्या युद्धाची आठवण तिथे ताजी होती. फ्रान्सची विमानं तयारीत उभी होती. दोनच दिवसांनी ओबामांनी आधी काँग्रेसला विचारतो असं जाहीर केलं. फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद एकटे पडले. ही मोकळी जागा रशियाने भरली: असदची रासायनिक अस्त्रं नष्ट करण्याचा तोडगा त्यांनी पुढे केला आणि सप्टेंबरात अमेरिकेने तो मान्य केला. तोडग्यात तथ्य होतं, बराच साठा खरोखर नष्ट झाला. पण पॅरिस आणि अंकारामध्ये एक गोष्ट कायमची नोंदली गेली, की वॉशिंग्टनचा शब्द शेवटच्या क्षणी फिरू शकतो.

खांद्यावरची पट्टी

कुर्दांचा प्रश्न जरा सावकाश बघू, कारण गाठ तिथेच आहे.

तुर्कस्तानातली पीकेके ही कुर्द संघटना १९७८ ची. १९८४ पासून तिने शस्त्रं उचलली. त्या संघर्षात चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली असं मानलं जातं. अमेरिका आणि युरोपीय संघ या दोघांच्याही यादीत ती दहशतवादी संघटना. सीरियात इस्लामिक स्टेटविरुद्ध लढणारी वायपीजी ही याच झाडाची फांदी, नेता मानायचा तो पीकेकेचा संस्थापक ओजालान यालाच. तुर्कस्तानच्या दृष्टीने दोघींत फरक शून्य. अमेरिकेच्या दृष्टीने मात्र वायपीजी ही जमिनीवर खरोखर लढणारी एकमेव फौज.

एकमेव का, तेही सांगायला हवं. सीरियातल्या बंडखोरांना प्रशिक्षण देण्यासाठी पेंटागॉनने ५० कोटी डॉलर्सची योजना आखली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये मध्यपूर्वेतल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल लॉइड ऑस्टिन यांना सिनेटसमोर विचारलं गेलं, प्रशिक्षण घेतलेले किती जण आज लढताहेत? त्यांचं उत्तर होतं, चार किंवा पाच. या पार्श्वभूमीवर कोबानी राखून दाखवणारे कुर्द अमेरिकेला हवेहवेसे वाटले तर नवल नाही.

मग पेच सोडवायला नाव बदललं गेलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये काही अरब गट सोबत घेऊन ‘सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेस’ उभी राहिली. तुम्ही स्वतःची ओळख बदला असं आम्हीच त्यांना सांगितलं, आणि एका दिवसात त्यांनी नवं नाव घेतलं, हे अमेरिकेच्या विशेष दलांचे प्रमुख जनरल रेमंड थॉमस यांनी २०१७ साली जाहीर कार्यक्रमात सांगून टाकलं. अंकारात ते वाक्य लोकांच्या तोंडपाठ झालं असणार.

मे २०१६ मध्ये सीरियातल्या रक्का या इस्लामिक स्टेटच्या बालेकिल्ल्याच्या उत्तरेला काढलेले काही फोटो जगभर छापून आले. अमेरिकी विशेष दलाचे जवान, आणि त्यांच्या दंडावर वायपीजीची पट्टी शिवलेली. जवानांच्या बाजूने विचार केला तर ती मैत्रीची खूण, सोबत लढणाऱ्यांची पट्टी लावण्याची सैनिकांमध्ये रीत असते. पण तुर्कस्तानातल्या ज्या घरातला मुलगा पीकेकेच्या सुरुंगात गेला, त्या घराने तो फोटो कसा पाहिला असेल? तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्री चावुशओलू यांनी याला दुटप्पीपणा म्हटलं. पट्ट्या काढायचा हुकूम निघाला. धोरण मात्र तेच राहिलं, आणि मे २०१७ मध्ये ट्रम्प यांनी रक्का जिंकण्यासाठी वायपीजीला थेट शस्त्रं द्यायला मंजुरी दिली.

नोव्हेंबर २०१५ चा एक आठवडा

३० सप्टेंबर २०१५ ला असदच्या मदतीला रशियन विमानं सीरियाच्या आकाशात उतरली. लताकियाजवळचा ह्मेमिम हा त्यांचा तळ. आता एकाच आकाशात नाटोच्या सदस्यांची विमानं आणि रशियाची विमानं, दोघांची लक्ष्यं वेगळी. अपघात टाळायला अमेरिका आणि रशियाने आपसात थेट फोनलाइन टाकली.

१३ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये इस्लामिक स्टेटने १३० माणसं मारली. फ्रान्सने मदत मागितली, पण नाटोच्या पाचव्या कलमाखाली नव्हे, युरोपीय संघाच्या करारातल्या एका फारशा कोणाला माहीत नसलेल्या कलमाखाली. त्यामागे एक हिशेब होता: नाटो मैदानात आली तर रशियाशी हातमिळवणी अवघड होईल. ओलांद यांना रशियाला सोबत घेऊन इस्लामिक स्टेटविरुद्ध मोठी फळी उभारायची होती. २४ नोव्हेंबरला ते ओबामांना भेटायला वॉशिंग्टनमध्ये होते. त्याच दिवशी सकाळी तुर्कस्तानच्या एफ-१६ ने रशियाचं सुखोई-२४ पाडलं.

तुर्कस्तानच्या म्हणण्यानुसार ते विमान १७ सेकंद त्यांच्या हद्दीत होतं. रशियाच्या म्हणण्यानुसार ते आत शिरलंच नव्हतं. छत्रीने उतरणाऱ्या वैमानिकाला खालून गोळ्या घातल्या गेल्या. नाटोची तातडीची बैठक झाली. तुर्कस्तानला पाठिंबा जाहीर झाला, आणि त्याच दमात दोघांनी सबुरीने घ्यावं असंही सांगितलं गेलं. दोन दिवसांनी ओलांद मॉस्कोत पुतिन यांच्याशेजारी उभे होते. एका सदस्याने ज्याचं विमान पाडलं, त्याच्याकडे दुसरा सदस्य मदत मागायला गेला, तेही एकाच आठवड्यात. दोघांचीही कारणं खरी होती, म्हणूनच हे प्रकरण इतकं अवघड.

रशियाने नाटोवर हात उचलला नाही. त्याने तुर्कस्तानचे टोमॅटो बंद केले, पर्यटकांची चार्टर विमानं बंद केली, आणि सीरियातल्या आपल्या तळावर एस-४०० ही विमानवेधी यंत्रणा आणून उभी केली. त्यामुळे तुर्की विमानांना सीरियाच्या आकाशात जाणं अवघड झालं. त्याआधी काहीच महिने, ऑगस्टमध्ये, अमेरिका आणि जर्मनीने तुर्कस्तानात नाटोतर्फे ठेवलेल्या आपल्या विमानवेधी पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा परत नेत असल्याचं जाहीर केलं होतं. तुर्कस्तानने काढलेला अर्थ सरळ होता. जून २०१६ मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांनी पुतिन यांना दिलगिरीचं पत्र लिहिलं.

एस-४००, जी आपल्यालाही माहीत आहे

१५ जुलै २०१६ च्या रात्री तुर्कस्तानात लष्करातल्या एका गटाने बंड केलं. ते फसलं. इन्जिर्लिक तळाची बाहेरून येणारी वीज तोडली गेली, तळाचा तुर्की कमांडर पकडला गेला, आणि इस्लामिक स्टेटवर उडणारी अमेरिकी विमानं आठवडाभर जनरेटरवर चालणाऱ्या तळावरून जात राहिली. पाश्चात्त्य राजधान्यांतून पाठिंब्याचे फोन उशिरा आले अशी तुर्कस्तानची तक्रार, तर पुतिन यांचा लगेच आला अशी आठवण. ९ ऑगस्टला एर्दोआन सेंट पीटर्सबर्गला पोचले. जानेवारी २०१७ पासून रशिया, इराण आणि तुर्कस्तान यांच्या बैठका कझाकस्तानच्या राजधानीत, अस्तानात सुरू झाल्या. सीरियात कोणत्या भागात बंदुका थांबायच्या हे ठरवणाऱ्या त्या टेबलावर नाटोचा एक देश यजमानांपैकी होता, अमेरिका नव्हती.

डिसेंबर २०१७ मध्ये तुर्कस्तानने एस-४०० घ्यायचा करार केला, सुमारे अडीच अब्ज डॉलर्सचा. ज्या यंत्रणेने त्याला सीरियाच्या आकाशातून दूर ठेवलं होतं, तीच.

मे २०२५ नंतर एस-४०० हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. भारताने तिचा करार २०१८ साली केला, आणि अमेरिकेच्या निर्बंधांची टांगती तलवार असूनही ती आपल्यावर पडली नाही. मग तुर्कस्तानवरच का पडली? कारण तुर्कस्तान एफ-३५ विमानाच्या प्रकल्पात भागीदार होता. शंभर विमानं तो घेणार होता, त्याचे नऊशेच्यावर सुटे भाग तुर्की कारखान्यांत बनत होते. एफ-३५ ची सगळी किंमत त्याच्या रडारला चकवण्यात. रशियन बनावटीचं रडार त्याच देशात बसलं, रोज त्या विमानाच्या उड्डाणांकडे बघत राहिलं, तर विमान कसं पकडायचं हे हळूहळू शिकेल, ही अमेरिकेची भीती. जुलै २०१९ मध्ये पहिले भाग अंकाराजवळच्या तळावर उतरले आणि त्याच महिन्यात तुर्कस्तानला प्रकल्पातून काढलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या संरक्षण खरेदी संस्थेवर निर्बंध आले. नाटोच्या एका देशावर, दुसऱ्याने. माझ्या मते रशियाला सीरियातून मिळालेलं सगळ्यात मोठं फळ हेच. त्यासाठी त्याने एकही गोळी झाडली नाही, उलट पैसे घेतले.

बटाटे, आणि बाल्टिक

ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्रम्प यांनी एर्दोआन यांच्याशी फोनवर बोलून सीमेवरचे अमेरिकी सैनिक मागे घेतले. तीन दिवसांत तुर्की फौजा आत घुसल्या. सीरियातल्या कुर्दबहुल कामिश्ली शहरातून माघारी निघालेल्या अमेरिकी गाड्यांवर लोकांनी बटाटे फेकले. इस्लामिक स्टेटशी लढताना ज्यांची हजारो मुलं-मुली गेली, त्यांच्या हातात फेकायला दुसरं काय उरलं होतं? अमेरिकेने सोडलेल्या काही ठाण्यांत रशियन सैनिक जाऊन बसले. जर्मनी, फ्रान्स आणि इतर काही देशांनी तुर्कस्तानला शस्त्रं विकण्यावर मर्यादा घातल्या. आपल्याला विचारणं सोडा, कळवलंही नाही, हा फ्रान्सचा संताप होता. नोव्हेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रों म्हणाले, नाटो मेंदूमृत होते आहे. एर्दोआन यांनी उत्तर दिलं, आधी स्वतःचा मेंदू तपासून घ्या.

या भांडणाचं टोक मग भलतीकडेच टोचलं. पोलंड आणि बाल्टिक देशांच्या बचावाची नाटोची योजना तुर्कस्तानने अडवून धरली. वायपीजीला दहशतवादी म्हणा, मग सही करतो. सीरियाच्या धुळीतलं भांडण एस्टोनियाच्या सीमेवरच्या माणसाच्या सुरक्षिततेशी असं जोडलं गेलं, आणि ती अडवणूक २०२० मध्ये सुटली.

२७ फेब्रुवारी २०२० ला वायव्य सीरियातल्या, बंडखोरांच्या ताब्यातल्या इदलिबमध्ये हवाई हल्ल्यात तीसहून अधिक तुर्की सैनिक मारले गेले. आकाश रशिया आणि असद यांच्या हातात होतं. तुर्कस्तानने दोष असदच्या फौजेवर ठेवला, रशियाचं नाव टाळलं. नाटोची बैठक चौथ्या कलमाखाली झाली. ते कलम चर्चेचं, पाचव्यासारखं मदतीचं नाही, आणि सैनिक सीरियाच्या भूमीवर गेले होते. हातात सहानुभूतीचं पत्रक आलं. आठवड्याभरात एर्दोआन मॉस्कोत युद्धबंदी ठरवायला बसले होते. त्याच दिवसांत त्यांनी निर्वासितांसाठी ग्रीसकडची सीमा खुली केली. ग्रीसही नाटोचाच.

निर्वासितांविषयी लिहावं तितकं थोडं. एका वेळी छत्तीस-सदतीस लाख सीरियन एकट्या तुर्कस्तानने सांभाळले, हे मी तुर्कस्तानच्या बाजूने मनापासून नोंदवतो. २०१५ मध्ये दहा लाखांवर माणसं समुद्रमार्गे युरोपात आली, आणि मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी सहा अब्ज युरोंचा व्यवहार केला, की लोंढा तिकडेच थोपवा. तेव्हापासून युरोपचा आवाज तुर्कस्तानपुढे खाली आला.

२०२२ नंतर

रशियाने युक्रेनवर मोठं आक्रमण केलं तेव्हा वाटलं, आता सगळे एका रांगेत येतील. बरेचसे आलेही. तुर्कस्तानने माँत्रो करार लावून सामुद्रधुन्या युद्धनौकांना बंद केल्या, युक्रेनला ड्रोन दिले. पण मे २०२२ मध्ये फिनलंड आणि स्वीडनने नाटोचा अर्ज केला तेव्हा कोबानीची जुनी गाठ पुन्हा वर आली. स्वीडनमध्ये कुर्दांची मोठी वस्ती, वायपीजीशी तिथल्या नेत्यांचे संबंध, आणि २०१९ ची शस्त्रबंदी. माद्रिदला जून २०२२ मध्ये झालेल्या समझोत्यात दोन्ही देशांनी वायपीजीला मदत करणार नाही असं लिहून दिलं. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आत गेला. स्वीडनला मार्च २०२४ उजाडला, शेवटी हंगेरीही अडून बसला होता. तुर्की संसदेने स्वीडनला होकार दिला आणि तीनच दिवसांत अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-१६ विकायला मंजुरी दिली.

उलट बाजूने रशियाचे हात युक्रेनमध्ये अडकले. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस इदलिबमधून बंडखोर निघाले आणि ८ डिसेंबरला असद मॉस्कोला पळाले. मार्च २०२५ मध्ये कुर्दांच्या सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेसने दमास्कसच्या नव्या सरकारशी एकत्र येण्याचा करार केला. मे महिन्यात पीकेकेने स्वतःला विसर्जित करत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरात तुर्कस्तानने ब्रिटनकडून २० टायफून विमानं घ्यायचा करार केला. एफ-३५ तोवर मिळालेलं नव्हतं, आणि रशियाकडून आणलेली एस-४०० तेव्हाही त्याच्या ताब्यात होती.